नोट्सनंतरची शांतता

"ही चौथी खुर्ची कुणाची?"

टॅम्सिननं हे विचारलं तेव्हा रविवारचे पावणेचार वाजले होते आणि गावच्या इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये तालमीतला चहा चालला होता. विचारलंस तर बेकरीतली मटण-बटाट्याची मोठी पास्टी आमच्याकडून, नाही विचारलंस तर वर्षभर भित्री भागूबाई म्हणू, अशी किर्रा आणि पिप्पा या मैत्रिणींनी तिच्याशी पैज लावली होती. गेल्या वर्षीची टॅम्सिन असती तर हरली असती. वर्गात धडा वाचायला उभं केलं की ती पुस्तकाआड तोंड लपवायची. पण यंदा तिला 'शेवटचं गलबत'मधलं एकटीनं म्हणायचं गाणं मिळालं होतं, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला अशी धार आली होती की घरातल्यांनीही तिच्या नादी न लागण्याचा कानाला खडा लावला होता.

पोर्ट ट्रेलॉनच्या हौशी मंडळींचं हे संगीत नाटक तिघांनी मिळून उभं केलं होतं. मिसेस पॅस्को दिग्दर्शिका. अर्ध्या गावाला त्यांनी तिसरीत शिकवलेलं, त्यामुळे चाळिशीतले बाप्येही त्यांच्यापुढे पाय जुळवून उभे राहायचे. संगीत डेस हॉकिंगचं. तो आठवडाभर धान्याच्या सायलोवर गव्हाचे ट्रक वजन करायचा आणि रविवारी पियानोवर बसायचा. नाच बसवायची ब्रॉनी, जिच्या सलूनमध्ये गावातल्या झाडून सगळ्या बायकांचे केस कापले जायचे. मंचासमोर लांब टेबल टाकून तिघं ओळीनं बसत. टेबलाला खुर्च्या मात्र चार होत्या. चौथीपुढे टोक काढलेली पेन्सिल आणि एक कप चहा. कप विसळायची पाळी नव्या मुलींची, म्हणजे या तिघींची, आणि तिघींनाही ठाऊक होतं की चौथा कपही उष्टा असतो.

मिसेस पॅस्कोंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तिसरीतल्या पोराला बेरीज समजावून सांगावी तशा त्या म्हणाल्या, "आम्ही चौघं आहोत, म्हणून चार. कप गोळा कर बाळ."

डेसनं वहीचं पान उलटलं. ब्रॉनी बिस्किट चहात बुडवत राहिली. कुणी हसलं नाही, तेवढं टॅम्सिनच्या लक्षात राहिलं.

पास्टी मिळाली. ती खाताना तिघींनी एकमेकींना टाळ्या दिल्या, मिसेस पॅस्कोंची नक्कल केली आणि म्हाताऱ्या माणसांचं काहीतरी असतंच, असं ठरवून विषय मिटवला. मिटला नाही तो फक्त नोट्सच्या वेळी.

तालीम संपली की सगळ्यांनी मंचाच्या कडेला बसायचं, मांडीवर संहिता, हातात पेन्सिल. मग कुणाचं काय चुकलं त्याच्या नोट्स. आधी मिसेस पॅस्को, मग डेस, मग ब्रॉनी. ब्रॉनीचं झालं की हॉल गप्प व्हायचा. टेबलामागची तिघं उजवीकडे, रिकाम्या खुर्चीकडे वळून बसायची आणि मंचावरची जुनी मंडळी मान खाली घालून लिहू लागायची. पत्र्याच्या छपराचा उन्हात तडतडण्याचा आवाज आणि पेन्सिलींची खरखर, दुसरं काही नाही. टॅम्सिननं एकदा फोनवर ते टिपून घेतलं होतं. अठ्ठेचाळीस सेकंद. घरी जाऊन तिनं ते चारदा ऐकलं. पेन्सिली सगळ्या एकाच क्षणी सुरू होत होत्या आणि एकाच क्षणी थांबत होत्या.

पैजेच्या पुढच्या रविवारी पिप्पानंही लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर टॅम्सिननं तिला धरलंच. काय लिहीत होतीस, म्हणून विचारलं, तर पिप्पानं संहिता दाखवली. तिच्याच गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: दुसऱ्या वळणाला उजवा खांदा आधी.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"अगं, नोट्समध्ये," पिप्पा म्हणाली. "तू ऐकत नव्हतीस का?"

त्या दिवसापासून पिप्पाचं वळण कधी चुकलं नाही. दोन आठवड्यांनी किर्रा लिहू लागली. ती तर चौथी-पाचवीपासून बेसूर म्हणून प्रसिद्ध. तीही सुरात आली. त्या शांततेत टॅम्सिन एकटीच नुसती पेन्सिल धरून बसायची. आधी तिला भीती वाटली होती. मग, सांगायलाही लाज वाटेल, पण राग यायला लागला. तिघींमध्ये गाणारी ती, आणि नोट्स त्या दोघींना. किर्रा तिला म्हणालीसुद्धा, "तुझं इतकं बरोबर असेल की सांगण्यासारखं काही नसेल." त्यात टोमणा होता की नव्हता, ते टॅम्सिनला कळलं नाही.

बरोबर तर काही नव्हतंच. धक्क्यावर उभी राहून गलबताची वाट पाहणाऱ्या मुलीचं तिचं गाणं शेवटी एका वरच्या सुरावर जायचं, आणि तिथं दर वेळी तिचा आवाज फुटायचा. या सुरावर तिचं सगळंच अडलं होतं. ॲडलेडच्या संगीतशाळेत तिला जागा मिळाली होती. फेब्रुवारीत जायचं, वसतिगृहात राहायचं. होकार की नकार ते सोमवार, पंधरा तारखेपर्यंत कळवायचं होतं. डॅड म्हणाला होता, आम्ही एक शब्द बोलणार नाही, तू ठरव. ममला मात्र एक शब्द बोलल्याशिवाय राहवलं नव्हतं. तिनं डेसचं उदाहरण दिलं होतं. विशीत असताना डेसला ॲडलेडच्याच वाद्यवृंदाचं बोलावणं आलं होतं, सामानही बांधून झालं होतं, आणि तो गेला नाही. का, ते गावात कुणालाच माहीत नव्हतं.

टॅम्सिनला जायचं होतं. अगदी मनापासून. फक्त तो एक सूर लागला की ती होकार कळवणार होती. गावच्या तीस माणसांपुढे जो लागत नाही, तो तिकडे कसा लागणार?

चौदा तारखेच्या तालमीला ती लवकर पोचली. ब्रॉनीनं तिला मंचामागच्या खोलीतून टोप्यांचं खोकं आणायला पाठवलं. टोप्यांच्या खाली जुन्या संहिता होत्या, धुळकट, पिवळ्या पडलेल्या. सगळ्यात वरच्या संहितेवर डेस हॉकिंग असं नाव होतं आणि पस्तीस वर्षांपूर्वीचं साल. समासात त्याचं बारीक, सरळ अक्षर. बत्तीसाव्या मात्रेला उजवा हात हलका. इथे पेडल नको. आणि शेवटच्या पानावर, त्याच अक्षरात, त्याच पेन्सिलीनं: फेब्रुवारीत जायचं नाही.

ती खोकं घेऊन बाहेर आली. डेस पियानोचं झाकण पुसत होता.

"डेस, तुम्ही ॲडलेडला का नाही गेलात?"

त्यानं फडक्याची घडी घातली. आखातावरून येणारा वारा दाराशी गव्हाचा भुसा ढकलत होता.

"त्या वर्षी माझा उजवा हात सुधारला," तो म्हणाला.

"तो तिकडेही सुधारला असता."

"असता, नाही?" डेस म्हणाला. असं त्याला आजवर कुणी सुचवलंच नसावं, अशा चेहऱ्यानं त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मग तो पट्ट्या पुसू लागला.

तालीम झाली. तिचा आवाज नेहमीच्या जागी फुटला. नोट्स सुरू झाल्या. मिसेस पॅस्को बोलल्या, डेस बोलला, ब्रॉनी बोलली. टॅम्सिननं पेन्सिल विंगेत ठेवून दिली होती आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. काय व्हायचं ते होऊ दे, आपण लिहायचं नाही.

हॉल गप्प झाला.

पेन्सिली सुरू झाल्या. तिनं मनातल्या मनात आकडे मोजले. अठ्ठेचाळीसला पेन्सिली थांबल्या.

पण कुणी उठलं नाही.

साठ. सत्तर. सगळे तिच्याकडे पाहत होते. रागानं नव्हे, वर्गात एकाच पोराचं लिहायचं राहिलं असेल तर बाकीची थांबतात ना, तसे.

"लिहून घे बाळ," मिसेस पॅस्को हळूच म्हणाल्या. "नाहीतर विसरशील."

किर्रानं आपली पेन्सिल तिच्यापुढे धरली.

टॅम्सिनला काहीही ऐकू येत नव्हतं. ती हे नंतरही शपथेवर सांगू शकली असती. काहीतरी खरडायचं आणि मोकळं व्हायचं, एवढ्यासाठी तिनं पेन्सिल घेतली आणि संहितेवर सुचेल ते लिहिलं. तीन ओळी झाल्या. मग तिनं वाचलं.

श्वास आधीच्या ओळीत घे.

मागच्या भिंतीकडे बघ, लोकांकडे नको.

तिसरी ओळ तिनं तळव्यानं झाकली.

"एकदा घेऊन बघू," डेस म्हणाला आणि त्यानं सूर दिला.

ती उभी राहिली. श्वास आधीच्या ओळीत घेतला, मागच्या भिंतीकडे पाहिलं, आणि तो सूर लागला. फुटला नाही, कापला नाही. सरळ वर गेला आणि छपराखाली कितीतरी वेळ राहिला. आपल्यात हे होतं, हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

टाळी कुणी वाजवली नाही. मिसेस पॅस्को उजवीकडे वळल्या आणि त्यांनी मान डोलावली, जशी आपण आभार मानताना डोलावतो.

बाहेर पडल्या पडल्या टॅम्सिननं ते पान टरकावलं, त्याचे बारीक तुकडे केले आणि धक्क्याजवळच्या वाऱ्यावर सोडून दिले. सहा वाजले होते, उन्हाळ्यातलं ऊन अजून चांगलं कडक होतं. सूर लागला होता, म्हणजे होकार. हे गणित तिनं स्वतः मांडलं होतं आणि ते सुटलं होतं. कुणाच्या खुर्चीशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. घरापर्यंतच्या वाटेवर ती मोठ्यानं म्हणत गेली, मी जाणार आहे, मी जाणार आहे, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या मर्व्हचा कुत्रा तिच्यावर भुंकला. किर्रा-पिप्पाला सुट्टीत वसतिगृहातल्या आपल्या खोलीत राहायला बोलवायचं, इथपर्यंत तिनं ठरवून टाकलं.

मम बटाटे सोलत होती. डॅडनं बूट काढून पाय वर घेतले होते. तिचा चेहरा बघूनच दोघांनी ओळखलं.

"ठरलं वाटतं बाईसाहेबांचं," डॅड म्हणाला.

ममनं सुरी खाली ठेवली. ती हसत होती. ओठ घट्ट मिटून, पण हसत होती. टॅम्सिननं तोंड उघडलं. एवढ्यात स्वयंपाकघर गप्प झालं. फ्रिजचा आवाज थांबला, बाहेरचा वारा थांबला. ती थांबली. आपण कशासाठी थांबलोय ते तिला कळलं नाही. थांबणं रीतीला धरून आहे, एवढंच वाटलं. मग तिला आपला आवाज ऐकू आला, भरलेला, स्थिर, कुठेही न फुटणारा, आणि त्याच्याबरोबर तिला खरोखरच हलकं, बरं वाटलं.

"मम, डॅड, मी ठरवलंय. फेब्रुवारीत मी जाणार नाही."