पूजेत ठेवलेले बूट

हसशील, मंजिरी, पण सुरुवात झेंडूच्या फुलांपासून झाली. दसऱ्याला इथे परदेशात, क्लेटनमध्ये झेंडू कुठला मिळायला! म्हणून शेजारच्या जोनकडे तिच्या बागेतली पिवळी फुलं मागायला गेले. म्हातारीने फुलं दिली, वर चामड्याच्या जुन्या बुटांची जोडीही.

"तुझा नवरा सॉकर खेळतो ना? हे ग्रँडपाचे. घेऊन जा, लव्ह."

तिचा आजोबा वॉल्टर पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळायचा. सेंटर फॉरवर्ड. गुडघा मोडला, क्लबने काढून टाकलं, तो जहाजाने इकडे येऊन वीटभट्टीवर लागला. तरी दर शनिवारी बूट बांधून दाराशी बसायचा. टीममध्ये आपलं नाव पुकारतील म्हणून. मरेपर्यंत.

मला त्याची फार दया आली. आपण दसऱ्याला लॅपटॉप, गाडीची किल्ली पुजतो. या बुटांनी तर एका माणसाचं पोट भरलेलं. मी ते पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं.

"चारू, मेलेल्या माणसाचं हत्यार कुणी पुजतं का?" शंतनू म्हणाला. "पुजलेलं हत्यार मग उचलावं लागतं गं."

मी त्यालाच वेड्यात काढलं.

शनिवारी दुपारी गराजमधून ओल्या चामड्याचा, कोळशाच्या धुराचा वास आला. शंतनू खुर्चीत बसला होता. पायात ते बूट.

"मॅच आहे?"

"टीम सांगतील आता..." त्याची नजर बंद शटरवर होती.

गुडघा टम्म सुजलेला. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलंय, पण फार जुनं आहे. शंतनूचं हाड कधीच मोडलं नव्हतं. बूट मी समुद्रात सोडून आले. पुढच्या शनिवारी ते त्याच्या पायात होते, ओलेचिंब. मग त्याने नोकरी सोडली, जेवण सोडलं, माझ्याशी बोलणंही.

परवा शटरबाहेर कुणीतरी नावं पुकारू लागलं. सगळी इंग्रजी. शेवटी सावकाश, "शंतनू माधव बर्वे."

त्याच्या वडिलांचं नाव इथे कुणाला ठाऊक? शंतनू कितीतरी दिवसांनी हसला आणि उठायला लागला. मी त्याला घट्ट मिठी मारली.

"नको रे... माझ्यासाठी थांब..."

मग बाहेर काँक्रीटवर बुटांचे खिळे वाजत दूर गेले. मला वाटलं, वाचवलं मी त्याला.

आत झोपलाय तो. श्वास चालू आहे, डोळे उघडे आहेत. सकाळी जवळ बसून मी हाक मारली, "शंतनू..."

त्याचे ओठ हलले नाहीत. ओ आली, त्याच्याच आवाजात. शटरच्या बाहेरून.