ओसाकाची एकशे त्र्याहत्तर

सोल, वय २९: लग्नाचे फोटो काढायला. पुलावर.

पलासिया, ऑफिसची इमारत: लिफ्टमध्ये 'चार व्यक्ती' लिहिलंय. सात चढतात.

ताइपे, वय ५८: मुलगी तिकडे शिकते. तिला भात करून घालायला.

नागोया, वय ६६: शाळेच्या पुस्तकात एका चर्चचं चित्र होतं. खरंच तेवढं उंच आहे का, ते बघायला.

रामबाग, घर: शेजारचे नंदूकाका फाटकाशी उभे असतात. कोण किती वाजता घरी आलं, त्यांना तोंडपाठ.

ओसाका, वय ३१: मला असं शहर हवं होतं, जिथे मी चुकले तरी कोणी माझ्या आईला फोन करणार नाही.

*

त्या दिवशी लिफ्टमध्ये सातवा चढला तो उन्मेष. त्याचं कोपर अनुश्रीच्या डब्याला लागलं आणि वरणाचा ओघळ तिच्या ओढणीवर उतरला.

"सॉरी... धुऊन देऊ का?"

"ओढणी?"

"मतलब... वरण."

हसायचं नव्हतं, तरी ती हसली. चौथ्या मजल्यावर उतरली, तर तोही उतरला.

"कॉफीचं मशीन इथेच आहे ना?"

"इथे फक्त माठ आहे."

"चालेल," म्हणाला आणि दोन ग्लास पाणी प्यायला.

मग रोज चार वाजता त्याला तहान लागायला लागली.

काम दोघांचं एकच. जपान, कोरिया, तैवानची माणसं एवढ्या लांब युरोप-अमेरिकेला का जातात, ते एका ट्रॅव्हल कंपनीला हवं होतं. फॉर्म ऑनलाइन यायचे. अनुश्री उत्तरं वाचून खान्यांत टाकायची – निसर्ग, खरेदी, नातेवाईक. दुसऱ्या मजल्यावर बसून उन्मेष त्यांचा रिपोर्ट लिहायचा.

"अनुश्रीजी, ही एकशे त्र्याहत्तर नंबरवाली वाचली?" एक दिवस तो माठाशी टेकून म्हणाला. "गजब बाई आहे यार. आईला फोन नको म्हणते! मी दिवसातून दहादा वाचतो."

"एवढं काय आहे त्यात?"

"तुला नाही कळायचं." तो ग्लासात बघत राहिला. "भेटायला पाहिजे हिला एकदा. पहिलं पान तिलाच देतोय. उद्या रिपोर्ट जाणार."

माठाचं झाकण अनुश्रीच्या हातून निसटलं.

ओसाकाच्या त्या बाईने शेवटचा प्रश्न – 'एवढ्या लांब का?' – कोरा सोडला होता. आणखी सहा जणांनीही. ऑफिसच्या प्रमुख स्मिता मॅडमना दोनशे पूर्ण फॉर्म हवे होते. "भर दे ना, सगळेच भरतात," शेजारच्या टेबलावरचा ऋषभ म्हणाला होता. सहा ठिकाणी तिने 'निसर्ग' लिहिलं. सातव्या, ओसाकाच्या फॉर्मच्या वेळी आईचा फोन आला – "नंदूकाका सांगत होते, काल कोणाच्या स्कूटरवर होतीस गं?" ऋषभने नाक्यापर्यंत सोडलं होतं, बस. फोन ठेवला आणि बोटं आपली आपण चालली.

खोटं लिहिलं याची लाज होतीच. त्याहून मोठी लाज ही की ते तिचं स्वतःचं खरं होतं... परक्या बाईच्या नावावर ठेवलेलं. आणि आता त्या बाईचाच तिला मत्सर वाटत होता.

तो जिन्याने खाली निघाला होता.

"उन्मेष... ती नाहीये."

"कोण?"

"एकशे त्र्याहत्तर. ते मी लिहिलंय. सात फॉर्म मी भरलेत."

तो वळला. हसला नाही. "रिपोर्टवर माझं नाव आहे, अनुश्री."

एवढंच. उतरताना त्याच्या चपला वाजत राहिल्या. तिला वाटलं, ओढणी डोक्यावरून घ्यावी आणि माठामागे बसावं.

बसली नाही. स्मिता मॅडमकडे गेली, सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "माझ्याच ऑफिसात?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की ओरडल्या असत्या तर बरं. दोनशेच्या दोनशे उत्तरं पुन्हा तपासायची, ऋषभच्या शेजारी नाही, मॅडमच्या टेबलासमोर बसून.

तीन दिवस चार वाजले. कोणालाच तहान लागली नाही.

चौथ्या दिवशी माठाशी तो.

"एकशे त्र्याण्णव," तो म्हणाला. "सात गाळले. कंपनीला तसं लिहून दिलं."

"तुला त्या बाईला भेटायचं होतं..." तिची मान वर होईना. "ती निघाली मी. मी तर तासाभरावरच्या मानपूरच्या पुढेसुद्धा गेले नाहीये."

"खरंच?"

"खरंच. आता खोटं बोलायची हिंमत नाहीये."

त्याने ग्लास विसळून माठावर पालथा घातला.

"मग रविवारी... मानपूरच्या पुढे? माझ्या स्कूटरवर?"

"नंदूकाका आईला फोन करतील."

"करू देत."

तिने वर बघितलं. कान तापलेलेच होते, पण बघितलं.

"उत्तर कोरं नको सोडू हां," तो म्हणाला.

"नाही सोडत. येते."

कॉफीचं मशीन पहिल्यापासून दुसऱ्या मजल्यावर आहे, उन्मेषच्या खुर्चीच्या मागे.