अडीच हजार कॅलरी

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा आत एक बाई होती आणि तिच्याजवळ नवाकोरा वजनकाटा होता. काट्याच्या खोक्यावरच ती बसली होती.

"आत कोण आहे?" लिफ्टच्या मिस्त्रीनं वरून दाराच्या फटीतून विचारलं.

"एक बाई, एक काटा. दोघं मिळून सत्तर किलोही भरणार नाहीत. तेव्हा वजन जास्त झालं असं सांगू नका."

"नाही सांगत. दहा मिनिटं बसा."

"तुमची दहा मिनिटं की घड्याळातली?"

मिस्त्री हसला. हसू ओठांवर आलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. घरात कोणाशी हसून बोलायची सवय मोडली होती. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती.

दार उघडलं. तो खोकं उचलायला वाकला. तिनं त्याच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"ही तीन भोकं तुम्हीच पाडलीत ना?"

"खिळ्यानं."

"मी आहारतज्ज्ञ आहे. इथंच, पाचव्या मजल्यावर. गुरुवारी चारला या."

तो जाणार नव्हता. पण शेजारच्या घरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीपाशी तो हे बोलून बसला, आणि ताईनं कंबर कसली.

"मी दोन वर्षं कंठशोष करतेय, तेव्हा कानात बोळे. आता परकी बाई सांगतेय तर जा तरी. नाहीतर पुढचं भोक पाडायला पट्टा उरायचा नाही."

ताईचं खोटं नव्हतं. तो भात शिजवायचा, ओट्याशी उभ्याउभ्या चार घास खायचा आणि पातेल्यावर झाकण ठेवायचा. भूक लागत नव्हती असं नाही. पोट भरत आलं की काहीतरी चुकतंय असं वाटायचं.

गुरुवारी तिनं त्याला काट्यावर उभं केलं. अठ्ठावन्न किलो. उंची घेतली, वय विचारलं आणि कागदावर आकडे मांडले.

"माणूस दिवसभर नुसता पडून राहिला तरी शरीराला काही लागतंच. श्वास, रक्त, अंगातली ऊब. तुमचं ते चौदाशे सत्तर कॅलरी."

"काहीच न करता?"

"नुसतं जगायला. पुढे काम आणि व्यायाम धरायचा. तुमचं काम बसून की उभ्यानं?"

"मशीनदुरुस्ती. उभ्यानं."

"व्यायाम?"

"आठवड्यातून तीन दिवस सकाळी पळतो. घरात सकाळ... फार मोठी असते."

तिचं पेन क्षणभर थांबलं. मग तिनं गुणाकार केला. "दोन हजार. रोज एवढं खाल्लंत तर वजन आहे तिथं राहील. वाढवायचं पुढे बघू. आधी घसरण थांबवू."

जिना उतरताना तो चौदाशे सत्तरचाच विचार करत होता. बायको गेल्यापासून आपण काहीच करत नाही, नुसते जगतोय, असं तो समजत होता. त्या नुसत्या जगण्यालाही रोज इतकं लागतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तो वही करून खाल्लेलं सगळं लिहू लागला. अंडी, पाव, दाणे, केळी. तरी दर गुरुवारी काटा अर्धा किलो खालीच.

"वहीत थापा मारता का?"

"एक केळंसुद्धा लपवलं नाही मॅडम."

ती संत्रं सोलत होती. अर्धं त्याच्यासमोर ठेवून म्हणाली, "हेही लिहा."

"अर्धं संत्रं. कोणी दिलं, तेही लिहू?"

"तेवढी जागा नाही वहीत," ती म्हणाली, पण मान वर न करता.

चौथ्या गुरुवारी तिच्याच इमारतीतली लिफ्ट पुन्हा बंद पडली. ती चहाचा कप घेऊन जिन्याशी उभी राहिली. मिस्त्री वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. तिचा चहा निवला.

"थांबा. हे सहाव्यांदा."

"मोटर गच्चीवर, खड्डा तळाशी. एक टोक इथं तपासायचं, एक तिथं."

"मध्ये नऊ मजले. रोज असंच?"

"लिफ्ट बंद असते तेव्हाच मला बोलावतात. मग जिन्यानंच जायचं ना?"

"मी तुम्हाला व्यायाम विचारला होता."

"हा व्यायाम कुठंय? हे काम आहे. व्यायाम म्हणजे... पळायचे बूट घालून करतात तो."

ती पायरीवर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तोही दोन पायऱ्या सोडून बसला. त्याच्या वहीतल्या पाठकोऱ्या कागदावर तिनं नवा गुणाकार केला. काटा साडेछप्पन्नवर आला होता. आता उत्तर आलं, अडीच हजार.

"रोज पाचशे कॅलरी जिन्यांवर सांडत होतात. आता सलग चार गुरुवार वजन हललं नाही की फाईल बंद. तुम्ही सुटलात."

"सुटलो," तो म्हणाला. त्या दिवशी घरी जाताना त्याला सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

अडीच हजारांनी जादू केली. पहिला गुरुवार साडेछप्पन्न. दुसरा तेवढाच. वीस मिनिटांची भेट तासावर गेली. तिसऱ्या गुरुवारीही काटा जागचा हलला नाही. "आता एकच राहिला," ती म्हणाली आणि उगाचच खिडकी बंद करायला उठली.

चौथ्या गुरुवारी काट्यानं पंचावन्न पूर्णांक सहा दशांश दाखवलं.

तिनं त्याला खाली उतरवून पुन्हा चढवलं. मग स्वतः चढून काटा तपासला. मग खुर्चीत बसली आणि पत्र लिहू लागली. अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"हे काय?"

"मोठ्या दवाखान्यात जायचं. उद्याच. गणित बरोबर आहे, दोनदा करून पाहिलं. खाणं बरोबर आहे. मग आत काहीतरी आहे." तिनं पेन ठेवलं. "माझे बाबा असेच वाळत गेले. आम्ही म्हणत राहिलो, दगदगीनं होतंय..."

मिस्त्री कोंडीत सापडला. बोलावं तर लाज, न बोलावं तर ही बाई भीतीनं अर्धी होणार.

"मॅडम, ते पत्र लिहू नका. मला आजार नाही. रविवारपासून मी रात्रीचं जेवलो नाही."

"पण वहीत..."

"वही खोटी आहे. या चार दिवसांची."

तिचा चेहरा उतरला. "का पण?"

"फाईल बंद होणार होती."

बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला, दार उघडलं, मिटलं. तो बुटांच्या नाड्यांकडे बघत म्हणाला, "बायको गेल्यापासून पोटभर जेवलो की चोरी केल्यासारखं वाटायचं. ती नाही आणि मी मजेत जेवतोय... असं. तुम्ही आकडा दिलात, तर तो औषधासारखा खाता आला. मग या तीन आठवड्यांत मला खरंच चव लागायला लागली. बुधवारपासूनच गुरुवारची... पण मी तुम्हाला घाबरवलं. हे बरं केलं नाही."

"नाहीच केलं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीही जाणार."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. ती लाल झाली. मग तिनं पत्र फाडलं, फाईल ओढली आणि पहिल्या पानावर आडवी रेघ मारली.

"पण वजन तर स्थिर नाही झालं," तो दचकून म्हणाला.

"पेशंटबरोबर मी जेवायला जात नाही. हा माझा नियम आहे. म्हणून बंद केली. उरलेलं वजन दुसऱ्या कोणाकडे बघून घ्या... मी नाव देते." ती उठली. "चला. खाली खानावळ आहे. बसून जेवायचं, ओट्याशी उभं राहून नाही. आणि मी अजून रागावलेली आहे, एवढं लक्षात ठेवा."

"किती वेळ रागावणार?"

"ते जेवणावर आहे."

खानावळीत दोघं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. पहिले काही घास ती ताटातच बघून जेवली. मग तिनं मीठ मागितलं, त्यानं दिलं, आणि त्यावरून बोलणं सुरू झालं. त्याच्या बायकोबद्दल तिनं विचारलं. ती कशी हसायची, जेवताना त्याला कशी चिडवायची, हे सांगता सांगता त्याचं ताट कधी रिकामं झालं, त्याला कळलं नाही. तो रिकाम्या ताटाकडे बघत राहिला. नेहमीचं ते काहीतरी चुकल्यासारखं वाटणं येईल म्हणून त्यानं थोडी वाट पाहिली.

मग त्यानं वाढणाऱ्याला हाक मारली आणि आणखी भात मागितला.