डाव्या दिव्यापुढे

नवऱ्याची पाठ आखडल्यापासून रोपवाटिकेची पिकअप रोपवालीच चालवायची. गाडीत तसं काही वाईट नव्हतं, फक्त डावा दिवा टिकत नव्हता. गॅरेजवाला नवा बल्ब घालायचा, चार दिवस बरे जायचे, की पुन्हा गाडी एकडोळी. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच डोंगरावरच्या हॉटेलात झाडं पोचवायची होती. शेवटी वैतागून ती स्वतःच सुट्या भागांच्या दुकानात गेली.

दुकानदार म्हातारा, शांत. त्याने पिकअपचे दोन नवे बल्ब काढले आणि स्वतःच बाहेर आला. उजवा चटकन बसला. डावा काही केल्या बसेना.

"इतके दिवस मग कसा बसत होता?" तिने विचारलं.

"होल्डरच्या पट्ट्या वाकवून, दाबून. म्हणूनच जळायचा." त्याने टॉर्च घेऊन बॉनेटखाली डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. आतून जळक्या रबराचा वास येत होता, आणि त्याखाली ओल्या लोकरीसारखा कसलासा कुबट दर्प.

"ताई, हा दिवा या गाडीचा नाही. दुसऱ्या गाडीचा आणून बसवलाय. मागचा पत्राही ठोकून सरळ केलाय. गाडी इथे आपटली आहे कशावर तरी."

"छे! माझ्या थोरल्या दिरांकडून घेतलेली गाडी ही. त्यांच्याशिवाय कोणी हात लावला नव्हता. म्हणाले, एक ओरखडा नाही."

दुकानदाराने फक्त टॉर्चचा उजेड ठोकलेल्या पत्र्यावर धरला. तेच तिला टोचलं. भाऊजी कधी खोटं बोलत नाहीत, असं घरात सगळेच म्हणायचे.

माळ्यावरच्या खोक्यांत उचकपाचक करून त्याने एक जुना बल्ब शोधून आणला. हा मात्र हलकेच आत गेला, जणू त्याच जागेसाठी केला होता. तिने दिवे लावले. दिवस मावळत आला होता. समोरच्या गोदामाच्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले.

उजवा स्वच्छ होता. डाव्यात कोणीतरी उभं होतं.

गाडी आणि भिंत यांच्यामध्ये चिटपाखरूही नव्हतं. सावली तेवढी होती. खांद्याला पिशवी, एक हात वर, पंजा उघडा... गाडी थांबवायला करतात तसा. दुकानदाराने काच पुसली. सावली तशीच. रोपवालीने दिव्यापुढे आपला हात धरला. हाताची सावली पडली, त्या सावलीच्या शेजारी.

"ताई..." दुकानदाराचा आवाज खाली आला होता. "पहिल्यासारखाच नवा बल्ब दाबून बसवून देऊ का? जळाला की पुन्हा या."

"नको," ती म्हणाली. "हाच राहू दे."

ती तडक दिरांच्या घरी गेली. वाटेत तिने एकदाही डावीकडे पाहिलं नाही. फाटकातून आत शिरून तिने गाडी मुद्दाम त्यांच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभी केली आणि इंजिन, दिवे चालूच ठेवून ती खाली उतरली. इंजिनाचा आवाज ऐकून भाऊजी हसतच बाहेर आले. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली.

"दिवा बंद कर."

"का हो, भाऊजी? काय दिसतंय?"

"काही नाही. बॅटरी उतरेल... बंद कर."

"उजवा की डावा?"

अंगणात नुसतं इंजिन धडधडत होतं. दाराच्या चौकटीत जाऊबाई येऊन उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. त्यांनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोण होतं ते?" रोपवालीने विचारलं.

"मला गाडी अशीच मिळाली होती," भाऊजी म्हणाले.

"आजवर म्हणत होतात, कोरी घेतली."

भाऊजी चालत डाव्या उजेडात गेले आणि भिंतीकडे पाठ करून उभे राहिले, जणू अंगाने ते झाकता येणार होतं. त्यांची सावली भिंतीवर पडली. तिच्यामागे वर उचललेला हात सावकाश खाली आला आणि त्यांच्या सावलीच्या खांद्यावर टेकला. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. खांदा मात्र झटकला नाही.

रोपवालीने गाडीत हात घालून बटण बंद केलं. दिवे गेले.

"उद्याची खेप नको करूस," अंधारातून भाऊजी म्हणाले आणि आत गेले. पाठोपाठ जाऊबाईही वळल्या. "येतेस का आत?" एवढंही कोणी विचारलं नाही.

गाडीत बसण्याआधी तिने घराच्या उघड्या खिडकीतून आत पाहिलं. भाऊजी टेबलाशी एकटेच बसले होते, मान खाली घालून. जाऊबाईंनी पाण्याचे दोन ग्लास आणले. एक त्यांच्यापुढे ठेवला. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मग रोजच्या सवयीने ती खुर्ची थोडी मागे ओढून दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.