डिफेनेस्ट्रेशनची सुट्टी

"डिफेनेस्ट्रेशन!" ताईने जाहीर केलं. "म्हणजे कुणालाही किंवा कशालाही खिडकीतून बाहेर फेकणं."

"एवढ्याशा कामाला एवढा लांबलचक शब्द?" गोट्या खो खो हसला.

ताई सुट्टीत मामाकडे येतानाही शब्दकोश घेऊन यायची. आज दोघांना नवा नाद लागला. खिडकीत बसून गल्लीतली डिफेनेस्ट्रेशनं टिपायची! समोरच्या शिंप्याने चिंध्या फेकल्या, वरच्या आजोबांनी चहाचा चोथा. भले शाब्बास!

पण मामाचं तोंड उतरलं होतं. तो घरीच घड्याळं दुरुस्त करायचा.

"पुन्हा स्क्रू हरवला! नजर गेली माझी. संध्याकाळी मास्तरांचं घड्याळ तसंच परत देतो आणि हे काम कायमचं बंद करतो."

गोट्याला एकदम रडूच यायला लागलं.

"मामा, स्क्रू पडला तरी हरवेल कसा? मांडीवर फडकं असतं की!" ताई म्हणाली. टेबलाच्या कडेला अडकवलेलं पांढरं फडकं मांडीवर पसरूनच मामा कामाला बसे. निसटेल ते झेलायला.

"तेच तर! पडलेले स्क्रू फडक्यातच ठेवून, फडकं टेबलावर सारून जेवायला उठतो. कालही येऊन बघतो, तर फडकं रिकामं."

ताईने गोट्याला कोपराने ढोसलं. मामा जेवायला उठताच दोघं पडद्याआड लपले.

मामाला वाढून मामी आली. तिने टेबल पुसलं, फडकं काढलं आणि खिडकीबाहेर फडाफडा झटकलं.

"डिफेनेस्ट्रेशन!" दोघं एकदम ओरडले.

"अगं बाई! घाबरवलंत की!"

"मामी, धुळीबरोबर स्क्रू गेले!"

"काय सांगता! मी रोज झटकते!" मामीने कपाळावर हात मारला.

खिडकीखाली सिमेंटचा छज्जा होता. गोट्याने दोऱ्याला लोहचुंबक बांधून खाली सोडलं, इकडेतिकडे फिरवलं आणि हळूच वर ओढलं. चुंबकाला बारीक बारीक स्क्रू चिकटले होते!

मामा हात न धुताच धावत आला.

"म्हणजे माझी नजर..."

"ठणठणीत आहे!" ताई म्हणाली.

"मीच वेंधळी! आणि तुम्ही उगाच झुरत बसलात," मामी म्हणाली.

"वेंधळा मीही. तुला एका शब्दाने विचारलं असतं तर!" मामाने दोघा भाच्यांच्या पाठीवर थाप मारली. "पोरांनो, तुम्ही माझं काम वाचवलंत!"

स्क्रूंना लागलेलं चुंबकत्व काढून तो लगेच कामाला बसला. संध्याकाळी मास्तरांनी घड्याळ कानाला लावलं आणि ते खूश झाले.

"घरात आणखी बंद घड्याळं असतील तर आणा," मामा म्हणाला. "मी आहे इथेच."