पाळण्याच्या पलीकडून

शुक्रवार, आठ फेब्रुवारी १९९१. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. यादवकाका ही गोष्ट इथल्या मराठी मंडळातल्या पोरांना सांगतात तेव्हा "माझ्या ओळखीतली एक बाई" म्हणतात. ती बाई मी.

ब्रिस्टलजवळच्या आमच्या गावाचं पॅरिसबाहेरच्या एका गावाशी नातं जोडलेलं आहे, ट्विन टाऊन म्हणतात तसं. काका तिकडे प्रवाशांची कोच बस घेऊन जायचे. तिथल्या रविवारच्या बाजारातून त्यांनी एक जुना पाळणा आणला होता, उंच लाकडी पायांवर टांगलेला. तो द्यायला ते त्या दिवशी बर्फातून आले.

"अगदी आपल्यासारखंच गाव गं, मीनल," चहा घेताना म्हणाले. "सकाळी सगळे ट्रेननं पॅरिसला, संध्याकाळी ब्रेड काखेत मारून परत. पूर्वी मात्र नुसती शेतं होती. पॅरिसचे लोक तान्ही पोरं तिथल्या बायकांकडे ठेवायचे, दूध पाजायला."

"आणि त्या बायकांची स्वतःची पोरं, काका?"

काकांनी कप खाली ठेवला. "ते कुणी सांगितलं नाही."

माझं बाळ बारा दिवसांचं. अंगावर ओढत नव्हतं, बाटली ओकायचं. सोमवारी वजन भरलं नाही तर हॉस्पिटल, असं हेल्थ व्हिजिटर, घरी येऊन बाळ तपासणारी नर्स, म्हणून गेली होती. नाव ठेवलं की पोर आपलं होतं, टिकतं, असं माझ्या मनानं घेतलेलं. म्हणून बारसं त्याच दिवशी करायचं होतं. पण बर्फात अतुल फॅक्टरीतच अडकला. नणंदबाईंची साउथहॅम्प्टनची ट्रेन निघालीच नाही.

"काका, तुम्ही उभे राहता का पाळण्यापलीकडे, बाळ घ्यायला?"

"छे! बायकांचं काम ते. मी किचनमध्ये बसतो. पेढे मात्र दोन ठेव."

आधी पाळण्यात वरवंटा निजवतात. माझ्याकडे मिक्सर. तेवढं सोडून दिलं. वाटलं, इकडून आपणच द्यायचं, वाकून तिकडून आपणच घ्यायचं.

बाळाला पाळण्याखाली धरलं.

"कुणी गोविंद घ्या..."

हात हलके झाले.

पडलं म्हणून खाली बघितलं. कार्पेट. नुसतं कार्पेट. पलीकडे कुणी नाही... ओरडायला तोंड उघडलं.

मग ऐकू आलं. घुटका. थांबून... अजून एक. पोटभर पिताना बाळ करतं ना, तसं. बारा दिवस त्याच आवाजासाठी मी देव पाण्यात ठेवले होते.

किती वेळ गेला, माहीत नाही.

"मीनल, दुसरी कोण आली गं?" किचनमधून काका. "सांगायचं तरी. चहात पाणी वाढवलं असतं."

मी पाळण्यात बघितलं. बाळ आत होतं. झोपलेलं. हनुवटीवर दूध.

मी त्याला पाजलं नव्हतं. बाटली सिंकमध्ये कोरडी होती.

सोमवारी वजन भरलं. "वेल डन, मम," हेल्थ व्हिजिटर म्हणाली. मी रडले, तिला वाटलं आनंदानं.

आज तीन महिने झाले. त्यानं माझं दूध तोंडात घेतलेलं नाही, बाटलीसुद्धा नाही. गुबगुबीत झालाय. दिवेलागणीला माझ्याकडे पाठ करतो आणि पलीकडे बघून हसतो. अतुल म्हणतो, तुला झोप हवी. काका म्हणतात, जाळ तो पाळणा. जाळला तर पोर काय पिणार, काका?

सकाळी त्याला उचलते, तेव्हा टोपडं बांधलेलं असतं. मी बांधते ती गाठ नसते.

बायांनो, लंडनला, केंब्रिजला, जिथं कुठं आपली माणसं असतील तिथं कुणाच्या सासूला, आजीला विचारा. पाळण्याखालून दिलेलं मूल परत मागताना काय म्हणायचं असतं? हे पुढे सांगा. ज्यांना माहीत असेल त्यांनी लवकर कळवा.