पोटावर ठेवलेल्या पेशी

डिसेंबरातल्या सकाळी, नेऱ्याच्या फाट्यावर, स्वेटरच्या आत चपटी बाटली कवटाळून हात हलवणारी मुलगी दिसली तर कुणीही गाडी थांबवली असती. थांबवली ती कोथिंबीर भरलेल्या पिकपवाल्यानं.

"कुटं जायचंय?"

"बावधन! लवकर चला हो, या मरतील!"

"कोन?" त्यानं दचकून माझ्या मागे पाहिलं.

"पेशी… माणसाच्या. या बाटलीत आहेत."

दुसरा कुणी असता तर गिअर टाकून पळाला असता. हा गालातल्या गालात हसला आणि त्यानं दार उघडलं.

रोहित नाव त्याचं. नेऱ्याचाच, स्वतःच्या शेतातला माल घेऊन निघालेला. मी सुनीती, परभणीची. पुढचं सगळं मी एका दमात ओकले. मी फाट्याजवळच्या लॅबमध्ये पॉलिमर बनवते, पेशीच्या आत जीन पोचवणारं वाहनच म्हणा. आधीच्या तीन पॉलिमरनी पेशीच मारून टाकल्या होत्या. चौथं काल या पेशींत घातलं आणि आज पहाटे वीज गेली, जनरेटरनं मान टाकली, पेशींना ऊब देणारा इनक्युबेटर गार. बावधनच्या लॅबमध्ये ऊब होती, पण माझी स्कूटी रुसलेली. हेही फसलं तर प्रकल्प बंद, आणि मी परभणीला परत.

"म्हंजी यष्टीच की. जीनला बशिवायचं, पेशीत उतरवायचं."

"हो, पण फार घट्ट धरलं तर आत गेल्यावर सोडतच नाही. सैल धरलं तर वाटेतच सांडते."

"घट्ट बी न्हाई, सैल बी न्हाई…" रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला. "लई नाजूक काम हाय मग."

माझे कान उगाचच तापले. हात मात्र गारठलेलेच होते आणि बाटली थरथरत होती.

"तुमीच कुडकुडताय, त्या काय जगनार? द्या हिकडं."

"अंगाच्या उबेत ठेवायची. आणि आडवी… अजिबात हलवायची नाही!"

"मग मला झोपावंच लागंल. गाडी येती का चालवाया?"

येत होती, बाबांच्या जीपवर शिकले होते. तर अशा रीतीनं मी एका परक्या माणसाची पिकप हाकत निघाले, आणि तो मागे कोथिंबिरीच्या जुड्यांवर उताणा, स्वेटरखाली पोटावर बाटली, वरून घोंगडी. प्रत्येक खड्ड्याला मी गाडी पहिल्या गिअरवर आणत होते.

"जिवंत आहेत ना?" मी मागच्या खिडकीतून ओरडले.

"मी हाय! त्यांचं ठावं न्हाई!"

बावधनला तो उतरला तेव्हा केसांत कोथिंबीर, तिच्या ओलीनं शर्ट भिजलेला, मालाचा पार चेंदा झालेला. बाटली मात्र ऊबदार होती. उद्या कळेल, मी म्हणाले. "मी येऊ?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपसमोर माझं धाडसच होईना. जीन आत पोचली असेल तर पेशी हिरव्या चमकणार होत्या. "तुम्हीच बघा आधी," मी म्हणाले.

तो वाकला. एक डोळा मिटून बघत राहिला. "समदं काळंच हाय…"

मी भिंतीला टेकले.

"थांबा, थांबा… हिरवं टिपकं हायेत. लई हायेत ओ!"

मी त्याला जवळजवळ ढकललंच. हिरव्या, टपोऱ्या, जिवंत! चौथ्या पॉलिमरनं जीन पोचवली होती, आणि एवढ्या प्रवासानंतरही पेशी तगल्या होत्या. मी स्टुलावर बसले आणि चक्क रडले.

"आता का रडताय? जगल्या न्हवं?"

"म्हणूनच तर!"

तो मटकन खाली जमिनीवरच बसला. "सुटलो. कालपास्नं जेवान ग्वाड लागलं न्हाई मला."

"पेशींची एवढी काळजी?"

"पेशींची कशाला…" तो नखानं फरशी कोरत राहिला. "त्या मेल्या असत्या तर तुमी परभनीला गेला असता."

इतकं हलकं मला गेल्या दोन वर्षांत वाटलं नव्हतं. डोळे पुसत मी म्हणाले, "एक सांगू? काल बावधनला उतरल्यावर मी आधी तुमच्याकडे पाहिलं… बाटलीकडे नंतर. आमच्या लॅबच्या मॅडमना मात्र हे सांगू नका."